गाडी कोणाच्या मालकीची?

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेपुढें केलेलें भाषण)

आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहों, तो ऐकून तुमच्यापैकीं कांहींच्या मनांत येईल कीं, शहरांतल्या बसगाड्यांशीं आम्हां नांगर धरणाऱ्यांचा काय संबंध? सुतारानें आपला रंधा चालवावा, कुंभारानें आपलें चाक फिरवावें, आणि शहरच्या गाड्यांचा विचार शहरच्या शहाण्यांनीं करावा. बंधूंनो, हाच समज आजवर आपल्याला नडला आहे. ज्या ज्या गोष्टीविषयीं "हें आपलें काम नव्हे" असें म्हणून आपण अंग काढून घेतलें, त्या त्या गोष्टींत दुसऱ्यांनीं आपल्या पोळीवर तूप ओढून घेतलें, आणि आपल्याला कोरडी भाकरीहि धड राहिली नाहीं.

साधा हिशेब करा. साताऱ्याच्या डोंगराकडचा, रत्नागिरीच्या किनाऱ्याचा, नगर-बीडच्या कोरडवाहू मुलखांतला असा कोणता गांव आहे कीं, ज्यांतलें एक तरी पोर मुंबईस किंवा पुण्यास पोट भरण्यास गेलें नाहीं? गिरण्या होत्या तेव्हां तें गिरणींत होतें. गिरण्या गेल्या, आतां तें पहाऱ्यावर आहे, बांधकामावर आहे, दुकानांत आहे. गिरणीच्या शेजारच्या चाळींत राहून पायीं कामावर जाण्याचे दिवस संपले. आतां राहणें एका टोकास आणि काम दुसऱ्या टोकास. त्याच्या मजुरींतला एक वांटा रोज गाडीभाड्यांत जातो, आणि जो पैसा भाड्यांत गेला तो गांवीं आईबापांच्या हातीं येत नाहीं. भाजीची पाटी घेऊन उजाडण्यापूर्वीं शहरांत उतरणारी माळीण, मासळीची टोपली घेतलेली कोळीण, हत्यारांची पिशवी खांद्यास लावून नाक्यावर उभा राहणारा गवंडी, या सर्वांस गाडी पाहिजे. ज्यांच्या दारांत मोटार उभी आहे त्यांचें बसवांचून चालतें. बस नसेल तर चालावें लागतें तें आम्हांस.

म्हणून गाडी कोणाच्या मालकीची असावी, हा प्रश्न आपल्या चुलीचा प्रश्न आहे.

प्रथम मुंबईची हकीकत ऐका. मुंबईंत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजीं सुरू झाली. ती आदल्या वर्षीं निघालेल्या एका खाजगी कंपनीची होती. एक रस्ता कुलाब्याहून पायधुणीस जाणारा, दुसरा बोरीबंदराहून काळबादेवीवरून पायधुणीस जाणारा. आरंभीं भाडें तीन आणे होतें, पुढें दोन आणे झालें. १९०५ सालीं विजेची व ट्रामची नवी कंपनी उभी राहिली. ७ मे १९०७ रोजीं विजेची ट्राम धांवली, आणि १५ जुलै १९२६ रोजीं अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटारबस निघाली. हीं कामें कंपनीनें केलीं व चांगलीं केलीं, हें आम्ही नाकारीत नाहीं. ज्याचें श्रेय त्यास द्यावें. परंतु एक गोष्ट ध्यानांत ठेवा. रस्ता नगरपालिकेचा, म्हणजे कर भरणाऱ्यांचा. रूळ त्याच रस्त्यांत पुरलेले. उतारू शहरचे. नफा मात्र भागीदारांचा! हें ओळखून त्या काळच्या जाणत्या माणसांनीं करारांतच अट घालून ठेवली कीं, ठराविक मुदतीनंतर हा सारा धंदा विकत घेण्याचा हक्क नगरपालिकेस राहील. तो हक्क बजावून ७ ऑगस्ट १९४७ रोजीं, म्हणजे इंग्रज जाण्याच्या आठ दिवस आधीं, मुंबई महापालिकेनें ट्राम, बस व वीज हीं तिन्ही आपल्या ताब्यांत घेतलीं. त्या वेळीं २४२ बसगाड्या २३ मार्गांवर धांवत होत्या. पुढें लोकांच्या मालकींत तोच आंकडा चार हजारांच्या वर गेला. त्या संस्थेस सारी मुंबई 'बेस्ट' म्हणून ओळखते.

आतां कोणी विचारील कीं, मालक बदलल्यानें काय बदलतें? गाडी तीच, रस्ता तोच, चाकेंहि तींच. आमचें म्हणणें असें कीं, चार गोष्टी बदलतात.

पहिली गोष्ट आडवेळेची व आडवाटेची. खाजगी मालक गर्दीच्या रस्त्यावर गर्दीच्या वेळीं गाडी सोडतो. त्यांत त्याचा दोष नाहीं. त्यानें पैसा नफ्यासाठींच घातलेला असतो. पण रात्रपाळी सुटलेल्या कामगारास रात्रीं बारा वाजतां कोण नेणार? वस्तीच्या शेवटच्या टोकास, जेथें दहाच उतारू आहेत, तेथें कोण जाणार? लोकांच्या मालकीची गाडी भरलेल्या मार्गावरचें उत्पन्न रिकाम्या मार्गावर खर्च करूं शकते. एकाच घरांतला कमावता भाऊ लहानाचें शिक्षण करतो तसेंच हें. मुंबईंत तर कित्येक वर्षें विजेच्या धंद्यांतली शिल्लक बसगाड्यांच्या तोट्यास जात होती, आणि म्हणून भाडें आवांक्यांत राहिलें होतें. खाजगी मालक दुधावरची साय काढून घेतो, ताक सरकारच्या गळ्यांत घालतो, आणि मग म्हणतो, "पाहा, सरकारी धंदा तोट्यांत!"

दुसरी गोष्ट जिवाची. जेथें अनेक मालक एकाच रस्त्यावर उतारूंसाठीं झगडतात, तेथें गाड्यांची शर्यत लागते. दिल्लीचें उदाहरण ताजें आहे. १९९२ सालीं तेथें खाजगी बसगाड्यांस मोकळीक मिळाली. प्रथम त्यांना 'रेडलाइन' म्हणत, पुढें रंग बदलला व 'ब्लूलाइन' म्हणूं लागले. चाल मात्र बदलली नाहीं. जितके उतारू तितकें उत्पन्न, म्हणून दुसऱ्याच्या पुढें जाऊन थांबा गांठण्याची धडपड. २००७ सालीं त्यांच्याखालीं सांपडून इतकीं माणसें मेलीं कीं, न्यायालयास व सरकारास हात घालावा लागला, आणि पुढें २०१० च्या सुमारास त्या गाड्या रस्त्यावरून काढण्यास सुरुवात झाली. तेथले चालक कांहीं राक्षस नव्हते. पण ज्या धंद्यांत थांबणें म्हणजे बुडणें, त्यांत भला माणूसहि बेफाम होतो.

तिसरी गोष्ट गाडी हांकणाऱ्याची. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराची हकीकत सांगण्यासारखी आहे. तेथें रूळ नगरपालिकेचे व गाड्या कंपनीच्या असा बावीस वर्षांचा करार होता. तो १८९४ सालीं संपला. कंपनीनें आपले घोडे व गाड्या नगरपालिकेस देण्याचें नाकारलें. तिला वाटलें, हे नगरपालिकेचे लोक काय ट्राम चालविणार! नगरपालिकेनें स्वतः घोडे घेतले, गाड्या तयार केल्या, आणि १ जुलै १८९४ रोजीं आपली ट्राम सुरू केली. अर्ध्या पेनीचा टप्पा ठेवला आणि नोकरांचे कामाचे तास कमी केले. कंपनीनें चुरशीनें आपल्या घोड्यांच्या बसगाड्या रस्त्यावर सोडल्या. पण लोकांनीं आपलीच ट्राम पत्करली. चार वर्षांपूर्वीं, १० जून १८९० रोजीं, इकडे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीनें मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवारची सुटी मिळाली होती. ती मिळविण्यास अर्ज, सभा व वर्षानुवर्षांची झुंज लागली. कारण मालक खाजगी होते. जेथें मालक लोकच आहेत, तेथें कामगाराचे तास हा मतदाराच्या विचाराचा विषय होतो. झुंज तेथेंहि लागते, पण दार ठोठावण्यास दार तरी असतें.

चौथी गोष्ट आम्हांस सर्वांत मोठी वाटते, आणि ती हक्काची आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत सीताराम केशव बोले यांनीं ठराव पास करून घेतला कीं, सार्वजनिक पैशानें बांधलेलीं किंवा चालविलेलीं पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने यांचा उपयोग अस्पृश्य मानलेल्या वर्गास करूं द्यावा. त्याच ठरावाच्या आधारानें पुढें १९२७ सालीं महाडच्या तळ्यावर डॉ. आंबेडकर आपल्या बांधवांसह गेले. त्या ठरावाचें मर्म काय? पैसा सर्वांचा, म्हणून वस्तु सर्वांची. जेथें पैसा एकट्याचा, तेथें मर्जी एकट्याची.

या मर्जीचा अनुभव खुद्द डॉ. आंबेडकरांस १९२९ सालीं चाळीसगांवीं आला, व तो त्यांनीं लिहून ठेविला आहे. स्टेशनावरून त्यांस महारवाड्यांत न्यावयाचें होतें. टांगेवाला त्यांस बसवून हांकण्यास तयार होईना. शेवटीं टांगा मिळाला, पण हांकणारा मिळाला नाहीं. वस्तींतल्याच एका माणसानें तो हांकला. त्यास संवय नव्हती. वाटेंत अपघात झाला आणि डॉक्टरसाहेब खालीं फेंकले जाऊन जखमी झाले. परदेशांतून मोठमोठ्या पदव्या घेऊन आलेला बॅरिस्टर, खिशांत भाडें, तरी टांगा ज्याचा त्याचा नियम! १९५० सालीं राज्यघटना अमलांत आली आणि दुकानें, उपाहारगृहें व सार्वजनिक जागा यांत असा भेद करणें बंद झालें. पण कायदा पुस्तकांत असतो आणि गाडी रस्त्यावर. एस.टी.च्या तिकिटानें आजवर कोणाची जात विचारली नाहीं. मांडीस मांडी लावून बसण्याचा धडा खेड्यापाड्यांतल्या लोकांस पुष्कळ अंशीं या गाडीनें दिला, हें आपण विसरतां कामा नये.

एस.टी.चें नांव आलें म्हणून सांगतों. १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर अशी पहिली सरकारी बस सुटली. लाकडी बांधणी, काथ्याचीं आसनें. त्याआधीं खाजगी मोटारी होत्या. भरेल तेव्हां सुटावयाचें, न भरेल तर उतारूंनीं झाडाखालीं बसावयाचें, अशी वहिवाट. आज एस.टी.चे अडीचशेंहून अधिक आगार आहेत. पांचवीपासून बारावीपर्यंतच्या खेड्यांतल्या मुली अहिल्याबाई होळकरांच्या नांवानें असलेल्या योजनेखालीं बिनभाड्यानें शाळेस जातात. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील वृद्धांस तिकीट नाहीं, आणि १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांस अर्धें तिकीट आहे. ज्या पोरीला बापानें "रोजचें भाडें कोठून आणूं?" म्हणून घरीं बसविलें असतें, ती आज शिकते आहे. सावित्रीबाईंनीं शाळेचें दार उघडलें. त्या दारापर्यंत पोंचण्यास गाडी लागते. खाजगी मालक अशी सवलत स्वतःच्या खिशांतून देईल काय? तुम्हींच सांगा.

आतां विरुद्ध बाजूचें बोलणेंहि ऐकलें पाहिजे, कारण सत्य शोधणाऱ्यानें दोन्ही कान उघडे ठेवावे.

कोणी म्हणतात, सार्वजनिक गाडी तोट्यांत चालते. आम्ही विचारतों, शाळेस नफा किती झाला? दवाखान्यानें किती कमाविलें? गांवच्या रस्त्यानें वर्षअखेर काय शिल्लक टाकली? ज्या मुंबईंत बसच्या तोट्याचें रडगाणें चालतें, त्याच मुंबईच्या महापालिकेनें समुद्रकांठचा नवा मोठा रस्ता तेरा हजार कोटी रुपयांच्या आसपास खर्चून बांधला, आणि मार्च २०२४ पासून तो टप्प्याटप्प्यानें खुला केला. त्यावर दुचाकीस व रिक्षेस मज्जाव आहे, आणि मोटारीस पथकर नाहीं. त्या रस्त्यास कोणी तोटा म्हणत नाहीं. मोटारवाल्यावर केलेला खर्च तो विकास, आणि पाटीवालीवर केलेला खर्च तो तोटा! ही वजनें कोणत्या बाजारांतलीं, हें ओळखा.

दुसरें म्हणतात, सरकारी कामांत आळस, वशिला व चोरी फार. हें पुष्कळदां खरें आहे, आणि तें झांकण्यांत अर्थ नाहीं. गाडी वेळेवर येत नाहीं, स्थानकावर पाणी नाहीं, शौचकुपाची घाण असते, उर्मट बोलणें ऐकावें लागतें. पण इलाज कोणता? कुंपण मोडलें म्हणून शेत कोणी सावकाराच्या नांवें करून देत नाहीं. कुंपण दुरुस्त करतात. सार्वजनिक संस्थेचा हिशेब तपासला जातो, तिच्या कारभारावर सभागृहांत प्रश्न निघतात, आणि २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यानें साधा माणूसहि दहा रुपयांच्या अर्जावर तिचे कागद मागूं शकतो. खाजगी मालकाकडे कागद मागावयास गेलां तर तो म्हणेल, "हें आमच्या धंद्याचें गुपित!" जोतीराव फुले १८७६ पासून पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते. १८८० सालीं लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठीं हजार रुपये खर्चण्याचें निघालें, तेव्हां त्यांनीं एकट्यानें उघड विरोध केला. हा विरोध त्यांस करतां आला, कारण पैसा लोकांचा होता व सभा लोकांची होती. कंपनीच्या दिवाणखान्यांत जोतीरावांस कोणी बसूं दिलें असतें काय?

तिसरें म्हणतात, चढाओढ असली म्हणजे भाडें उतरतें. इंग्लंडांत हाच प्रयोग झाला. २६ ऑक्टोबर १९८६ पासून लंडन वगळून बाकीच्या मुलखांत बसगाड्या खाजगी मालकांस मोकळ्या केल्या. मोठ्या शहरांत भाडीं वाढत गेलीं व उतारू कमी होत गेले. शेवटीं मँचेस्टर प्रांतानें सप्टेंबर २०२३ पासून जानेवारी २०२५ पर्यंत आपल्या सर्व बसगाड्यांचा लगाम परत लोकनियुक्त सत्तेच्या हातीं घेतला. गाड्या हांकण्याचें काम तेथें अजून कंत्राटानें दिलें जातें. पण मार्ग, भाडें व वेळापत्रक लोकांचे प्रतिनिधि ठरवितात. चाळीस वर्षांच्या ठेंचेनंतर त्यांना आलेलें शहाणपण आपण फुकट कां घेऊं नये?

आणि आतां आपल्या दारांतला धोका सांगतों. आज कोणी उघडपणें म्हणत नाहीं कीं, बस खाजगी करा. तसें म्हटलें तर लोक खवळतील. म्हणून नवी युक्ति निघाली आहे. गाडीवर नांव सार्वजनिक संस्थेचें, रंग तिचा, तिकीट तिचें. पण गाडी कंत्राटदाराची, चालक कंत्राटदाराचा, आणि दर किलोमीटरमागें पैसे कंत्राटदारास. नांव सोनुबाई आणि हातीं कथलाचा वाळा! मुंबईंत ज्या संस्थेजवळ चार हजारांवर स्वतःच्या गाड्या होत्या, तिच्याजवळ आतां हजाराच्या आंत उरल्या आहेत. परवडत नाहीं म्हणून कंत्राटदारांनीं शेंकडों गाड्या काढून घेतल्याचे प्रकार घडले, आणि उतारू थांब्यावर उभे राहिले. पगार थोडा म्हणून कंत्राटी चालकांस संप करावे लागले. ९ डिसेंबर २०२४ रोजीं कुर्ल्यास अशाच भाड्याच्या एका विजेच्या बसनें गर्दींत घुसून कित्येकांचे प्राण घेतले. दोष कोणाचा हें न्यायालय ठरवील. पण त्या चालकास त्या गाडीचें शिक्षण किती दिवस दिलें होतें, हा प्रश्न त्या रात्रीं साऱ्या शहराच्या तोंडीं होता, आणि उत्तर देण्यास प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवीत होता. मालक अनेक असले म्हणजे जबाबदार कोणीच नसतो.

भाड्याची गोष्टहि पाहा. जुलै २०१९ मध्यें मुंबईंत बसचें कमींत कमी भाडें आठ रुपयांवरून पांच रुपयांवर आणलें, आणि उतारू भराभर वाढले. ९ मे २०२५ रोजीं तें पांचाचें दहा केलें, म्हणजे एकदम दुप्पट. त्या वेळीं महापालिकेंत लोकांनीं निवडलेला एकहि सभासद नव्हता! मार्च २०२२ मध्यें जुन्या सभेची मुदत संपली, आणि पुढें तीन वर्षांहून अधिक काळ नेमलेल्या प्रशासकानें कारभार पाहिला. रोज जाऊन येऊन दहा रुपये जादा; महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर दोनशें साठ रुपये. ज्यांच्या खिशांतून हे जाणार, त्यांच्या वतीनें बोलण्यास सभागृहांत कोणी नव्हतें. मालकी कागदावर लोकांची राहिली, पण लोकच सभेंतून नाहींसे झाले, तर ती मालकी काय कामाची?

म्हणून, बंधूभगिनींनो, नुसतें "सरकारी असावें" म्हणून भागत नाहीं. मालकानें मालकासारखें वागलें पाहिजे. शेत आपलें असलें तरी बांधावर फिरकला नाहीं त्याचें पीक दुसरेच नेतात. तर आपण काय करावें तें सांगतों.

शहरांत ज्यांचें पोर, भाऊ किंवा भाचा आहे, त्यांनीं त्यास सांगावें कीं, मत मागण्यास येणाऱ्या प्रत्येकास तीन प्रश्न विचार: संस्थेच्या स्वतःच्या मालकीच्या गाड्या दरवर्षीं किती वाढविणार? चालक व वाहक कायम नोकरींत घेणार कीं नाहीं? भाडेंवाढ निवडलेल्या सभेंत चर्चा झाल्याखेरीज होऊं देणार काय? या तिहींचें सरळ उत्तर न देणाऱ्यास मत देऊं नये.

गांवीं राहणाऱ्यांनीं ग्रामसभेंत बसावें, आणि कोणत्या वेळेस गाडी पाहिजे, किती मुलें शाळेस जातात, किती पाट्या बाजारास जातात, याची नीट यादी करून ठरावासह आगार व्यवस्थापकाकडे द्यावी. पोंच घ्यावी. महिन्यानें पुन्हा जावें. तोंडी गाऱ्हाणें वाऱ्यावर जातें. कागदास उत्तर द्यावें लागतें. बंद पडलेली रात्रीची मुक्कामाची गाडी अशाच रेट्यानें परत येते. गाडी आली म्हणजे मात्र तिचें तिकीट प्रामाणिकपणें काढावें, आसनें फाडूं नयेत, आणि रागाच्या भरांत कांच फोडूं नये. आपल्याच बैलाच्या पायावर कोणी कुऱ्हाड घालतो काय?

आणि शेवटचें. वाहक-चालक संपावर जातात तेव्हां "यांना काय कमी आहे?" असें म्हणून त्यांस शिव्या देऊं नका. तींहि आपल्याच घरांतलीं पोरें आहेत. त्यांच्या नोकऱ्या कंत्राटांत गेल्या कीं, मागून येणाऱ्या तुमच्या पोरासहि कायम नोकरी नाहीं.

आपल्या वाडवडिलांनीं म्हणून ठेवलें आहे, गांव करी तें राव न करी. विहीर, रस्ता, शाळा, दवाखाना आणि गाडी या गांवानें करावयाच्या गोष्टी आहेत. त्या रावाच्या हातीं गेल्या तर पाणीहि त्याच्या मर्जीनें प्यावें लागेल आणि वाटहि त्याच्या मर्जीनें चालावी लागेल. तसें होऊं द्यावयाचें नसेल तर पुढच्या ग्रामसभेस घरांत बसूं नका.